पुण्यातील डेटाबेस युजर ग्रुप : नव्याने येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

महाविद्यालयातून बाहेर पडून डेटाबेसच्या कामाला लागलेल्या किंवा सपोर्टच्या कामातून डीबीए (डेटाबेस सांभाळणारे प्रशासक) होऊ पाहणाऱ्या पुण्यातील अनेक तरुण सहकाऱ्यांना युजर ग्रुप आहेत एवढे ठाऊक असते. बैठकीची सूचनाही त्यांच्यापर्यंत पोहोचते. पण तिथे जाऊन नेमके काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग ते एखाद्या शनिवारी येतात, मागच्या रांगेत बसतात, दोन व्याख्याने ऐकतात, चहा-पोहे घेतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मी अनेक वर्षे अशा बैठकांना जाते आहे, काही काळ आयोजनातही हातभार लावला आहे, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की केवळ ऐकण्यासाठी आलेल्याच्या पदरात थोडेच पडते. जो स्वतःच्या कामातली एखादी अडचण दुसऱ्याला तपासून पाहता येईल अशा रूपात घेऊन येतो, त्याला मात्र इथे असे काही मिळते जे कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या तयारीसाठी दिला आहे.

युजर ग्रुप म्हणजे काय

एखादे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांची माहिती वाटून घेण्याची पद्धत डेटाबेसपेक्षा जुनी आहे. आयबीएमचे ७०४ हे यंत्र वापरणाऱ्या अमेरिकेतील संस्थांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला, तो याच विचाराने : प्रत्येकाने तोच प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहिण्यापेक्षा एकाने लिहून सर्वांना द्यावा. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांत ठेवण्याच्या रिलेशनल पद्धतीची मांडणी १९७० मध्ये केली आणि ओरॅकल कंपनीचे विक्रीसाठीचे पहिले डेटाबेस उत्पादन १९७९ मध्ये आले, म्हणजे वापरकर्त्यांच्या गटांची परंपरा त्याआधीच रुजलेली होती. आज आपल्याकडे ऑल इंडिया ओरॅकल युजर्स ग्रुप आणि त्यांची ‘संगम’ ही परिषद, किंवा पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या लोकांची बेंगळुरूला भरणारी पीजीकॉन्फ इंडिया, ही त्याच परंपरेची मोठी रूपे आहेत. शहरातला गट आकाराने लहान असतो. वीस ते साठ माणसे, एक सभागृह, एक प्रोजेक्टर. नवख्या माणसाने सुरुवात करावी ती अशा लहान ठिकाणी, कारण तिथे व्याख्याता चहाच्या टेबलापाशी शेजारी उभा असतो आणि त्याला नाव घेऊन प्रश्न विचारता येतो.

पुण्यातल्या गटांचे एक वैशिष्ट्य इथल्या कामाच्या स्वरूपातून आले आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतील कितीतरी डीबीए युरोप-अमेरिकेतील बँकांचे, विमा कंपन्यांचे आणि दुकानसाखळ्यांचे डेटाबेस सांभाळतात. त्यामुळे एकाच खोलीत बसलेल्या तीस माणसांनी मिळून डेटाबेसवर पडणारे अतिशय वेगवेगळ्या प्रकारचे कामाचे भार पाहिलेले असतात. त्याच शहरात पोस्टग्रेसच्या मूळ कोडमध्ये योगदान देणारे अभियंतेही राहतात. वापरणारा आणि घडवणारा समोरासमोर येण्याची अशी सोय फार थोड्या शहरांत आहे.

पहिली पायरी : गट निवडणे

गट साधारणपणे तीन प्रकारचे असतात. काही एकाच उत्पादनाभोवती जमतात, उदाहरणार्थ ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा मोंगोडीबी. काहींना त्या उत्पादनाची कंपनीच जागा, खाणे आणि वक्ते पुरवते. काही गट मिश्र असतात. तिथे एका महिन्यात क्लाउडवरील स्थलांतराचा विषय असतो, तर दुसऱ्या महिन्यात बॅकअपचा. तुम्ही रोज ज्या डेटाबेसवर काम करता त्याच्या गटात नियमित जा आणि वर्षातून दोन-तीनदा मिश्र गटात जाऊन या, असा माझा सल्ला आहे. मिश्र गटाचा फायदा काय, हे एका साध्या उदाहरणाने सांगते. मोबाइल क्रमांक अक्षरांच्या स्तंभात साठवला आहे आणि क्वेरीत (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञेत) त्याची तुलना अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या संख्येशी केली आहे, असे समजा. पोस्टग्रेस ही क्वेरी चालवायलाच नकार देतो आणि प्रकार जुळत नसल्याची त्रुटी दाखवतो. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर स्तंभातल्या प्रत्येक मूल्याचे गुपचूप संख्येत रूपांतर करतात, त्यामुळे स्तंभावरचा साधा इंडेक्स (ओळ चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) कामी येत नाही, आणि एखाद्या ओळीत क्रमांकाऐवजी मजकूर भरलेला असेल तर क्वेरी मध्येच कोसळते. मायएसक्यूएल दोन्ही बाजू दशांश संख्या म्हणून ताडून पाहतो. तिथेही इंडेक्स वाया जातो, पण त्रुटी मात्र येत नाही. एकच चूक आणि तिची इतकी वेगळी रूपे जो एकदा शेजारी शेजारी पाहतो, त्याला प्रकाररूपांतराचा विषय पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

कंपनीने पुरस्कृत केलेल्या बैठका टाळाव्यात असे मी म्हणणार नाही. सूचनापत्रिकेत वक्त्याचे पद वाचा. तो विक्री विभागातला असेल आणि विषयाच्या नावात फक्त उत्पादनाचे गुण असतील, तर ती सकाळ तुम्ही स्वतःच्या सरावाला दिलेली बरी.

दुसरी पायरी : नोंदणी आणि पोहोचणे

पुण्यात बहुतेक बैठका कुठल्यातरी कंपनीच्या कार्यालयात, शनिवारी सकाळी होतात. शनिवारी आयटी पार्कच्या प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकांकडे आदल्या दिवशी पाठवलेली नावांची यादी असते, आणि यादीतले नाव ओळखपत्राशी जुळले नाही तर ते आत सोडत नाहीत. म्हणून नोंदणी करताना टोपणनाव न देता आधार कार्डावर किंवा वाहन परवान्यावर आहे तसेच पूर्ण नाव द्या आणि ते ओळखपत्र सोबत ठेवा. लॅपटॉप नेणार असाल तर प्रवेशद्वारावर त्याचा अनुक्रमांक लिहून घेतला जाऊ शकतो. त्यासाठी पंधरा मिनिटे हाताशी ठेवा. कंपनीचा लॅपटॉप बाहेर नेण्याबाबत तुमच्या कार्यालयाचे नियम काय आहेत, हेही आधी विचारून घ्या.

सिंहगड रस्त्यावरून खराडीला किंवा हडपसरहून बाणेरला जायचे असेल तर वनाज–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या दोन मेट्रो मार्गांचा विचार करा. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर मिळतात. पुढचे काही किलोमीटर रिक्षाने जावे लागते, पण वेळेचा अंदाज चुकत नाही. पालखी पुण्यात मुक्कामी असते तेव्हा आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत बैठक असेल तर रस्ते कोणते बंद आहेत ते आदल्या रात्री पाहा.

नोंदणी केली आणि येणे जमत नसेल, तर एक ओळीचा निरोप कळवाच. खाण्याची संख्या आणि खुर्च्यांची मांडणी नोंदणीवरून ठरते, आणि जागा भरल्याचे सांगून कुणाला तरी नाही म्हटलेले असते.

तिसरी पायरी : स्वतःची प्रयोगशाळा

पहिल्या बैठकीपूर्वी स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर एक डेटाबेस उभा करा. कार्यालयातल्या चाचणी सर्व्हरवर विसंबू नका, कारण त्यावरचे काहीही बाहेर दाखवता येत नाही. यासाठी पैसे लागत नाहीत. पोस्टग्रेस मुक्त आहेच. ओरॅकलची ‘फ्री’ आवृत्ती दोन सीपीयू थ्रेड, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी वापरकर्ता-माहितीपर्यंत चालते, जे शिकण्यासाठी भरपूर आहे. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती विनामूल्य मिळते. तिच्यावर प्रत्यक्ष व्यवहार चालवता येत नाहीत, एवढीच अट. मायएसक्यूएलसोबत ‘सकिला’ नावाचा चित्रफितींच्या दुकानाचा नमुना डेटाबेस मिळतो.

नमुना डेटाबेसमधली कोष्टके लहान असल्याने त्यांवर प्रत्येक क्वेरी झटकन चालते आणि काही कळत नाही. म्हणून दहा लाख ओळींचे एक कोष्टक स्वतः तयार करा. पोस्टग्रेसमध्ये जनरेट सीरीज हे फंक्शन आणि ओरॅकलमध्ये कनेक्ट बाय लेव्हल ही युक्ती वापरून ते काही क्षणांत होते. त्यात एक स्तंभ असा ठेवा की नव्वद टक्के ओळींत एकच मूल्य असेल. खऱ्या जगातली माहिती अशीच एका बाजूला झुकलेली असते आणि ऑप्टिमायझरच्या (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाच्या) निम्म्या चुका मी याच झुकावापोटी झालेल्या पाहिल्या आहेत.

चौथी पायरी : प्रश्न बांधून आणणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवखे लोक हीच वगळतात. “आमची क्वेरी फार हळू चालते, काय करावे?” असा प्रश्न घेऊन कुणी उभे राहिले की खोलीतले दहा जाणकार दहा तर्क करतात, त्यांतले काही एकमेकांच्या विरुद्ध असतात, आणि विचारणारा गोंधळून परततो. जाणकारांकडे तर्काखेरीज दुसरे काही देण्यासारखे नव्हतेच, कारण प्रश्नात पुरावा नव्हता.

पुरावा कसा असतो हे मी स्वतः एका प्रसंगातून शिकले. ओरॅकलवरच्या एका जुन्या प्रकल्पात ग्राहकाची नोंद शोधणारा पडदा नव्या रिलीजनंतर उघडायला चाळीस सेकंद घेऊ लागला. कोष्टकात सुमारे दोन कोटी ओळी होत्या, मोबाइल क्रमांकावर इंडेक्स होता. मी एक्सप्लेन प्लॅन, म्हणजे क्वेरी कोणत्या टप्प्यांनी चालेल याचा आराखडा, काढला, त्यात इंडेक्स वापरला जात असल्याचे स्पष्ट दिसत होते, आणि तोच छापून मी बैठकीला नेला. तिथले एक ज्येष्ठ सहकारी तो कागद पाहून म्हणाले, “ताई, हा प्लॅन डेटाबेस काय करील याचा अंदाज आहे. त्याने प्रत्यक्षात काय केले, ते आणा.” पुढच्या महिन्यात मी कर्सरमधून, म्हणजे चाललेल्या क्वेरीच्या डेटाबेसमधील नोंदीतून, काढलेला प्रत्यक्ष प्लॅन नेला. त्यात पूर्ण कोष्टकाचे वाचन होते, आणि खालच्या प्रेडिकेटच्या (अटींच्या) भागात मोबाइलच्या स्तंभाला टू नंबर हे अक्षरांचे संख्येत रूपांतर करणारे फंक्शन लागलेले दिसत होते. नव्या रिलीजमध्ये विकसकाने जावा प्रोग्राममधील, मोबाइल क्रमांक धरणाऱ्या चलाचा प्रकार बदलून संख्या केला होता. ओरॅकलचा एक्सप्लेन प्लॅन सर्व बाइंड चले (क्वेरी चालवताना बाहेरून पुरवली जाणारी मूल्ये) अक्षरांचीच आहेत असे गृहीत धरतो, त्यामुळे त्याला ते रूपांतर दिसलेच नव्हते. दुरुस्तीला एक ओळ लागली. ती सापडायला दोन महिने लागले, आणि त्यांतला एक महिना केवळ मी चुकीचा कागद नेल्यामुळे गेला.

म्हणून प्रश्न आणताना पुढील गोष्टी एका पानावर बसवा. आधी डेटाबेसची आवृत्ती पॅचच्या (छोट्या दुरुस्ती-आवृत्तीच्या) पातळीपर्यंत लिहा. नुसते ‘ओरॅकल १९’ किंवा ‘पोस्टग्रेस १६’ पुरत नाही, कारण ऑप्टिमायझरमधल्या कित्येक दुरुस्त्या छोट्या आवृत्त्यांतून येतात. नंतर कोष्टकांतील ओळींची अंदाजे संख्या, इंडेक्सची यादी आणि ऑप्टिमायझर ज्यावरून अंदाज बांधतो ती कोष्टकांची आकडेवारी शेवटची कधी गोळा केली ते लिहा. मग प्रत्यक्ष प्लॅन जोडा. ओरॅकलमध्ये गॅदर प्लॅन स्टॅटिस्टिक्स ही हिंट (क्वेरीतच लिहिलेली सूचना) देऊन क्वेरी चालवली आणि डिस्प्ले कर्सरने प्लॅन काढला, तर प्रत्येक टप्प्यावर अपेक्षित ओळी आणि आलेल्या ओळी शेजारी शेजारी दिसतात. पोस्टग्रेसमध्ये हेच काम एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ करतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘अ‍ॅक्चुअल’ प्लॅन घ्या. अपेक्षा आणि वास्तव यांत शंभरपट किंवा हजारपट तफावत जिथे प्रथम दिसते, ती ओळ पेनाने अधोरेखित करा. बहुतेक वेळा चर्चा तिथूनच सुरू होते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. पोस्टग्रेसचा एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ क्वेरी खरोखर चालवतो. अपडेट किंवा डिलीटवर तो वापरायचा असेल, तर आधी बिगिन आणि शेवटी रोलबॅक लिहिल्याशिवाय एंटर दाबू नका.

शेवटी दोन प्रश्नांची उत्तरे लिहा : केव्हापासून बिघडले, आणि त्याच सुमारास काय बदलले? “काहीच बदलले नाही” हे उत्तर जवळजवळ कधीच खरे ठरत नाही. माहिती वाढली, आकडेवारी रात्री आपोआप नव्याने गोळा झाली, पॅच लागला, कुणी इंडेक्स टाकला, महिनाअखेर आली. यांपैकी काहीतरी घडलेले असतेच. तुम्ही काय करून पाहिले आणि त्याने काय झाले, तेही लिहा, म्हणजे तोच उपाय पुन्हा सुचवण्यात वेळ जाणार नाही.

आता गोपनीयतेविषयी, आणि हे मी फार कळकळीने सांगते आहे. प्लॅन हा निरुपद्रवी कागद वाटतो, पण त्याच्या फिल्टरच्या ओळीत क्वेरीतली खरी मूल्ये छापली जातात; ग्राहकाचा क्रमांक, खाते, नाव, काहीही. ओरॅकलच्या एडब्ल्यूआर या कामगिरीच्या अहवालात सर्व्हरचे नाव, डेटाबेसचे नाव आणि क्वेरींचा पूर्ण मजकूर असतो. तुम्ही कंपनीशी गोपनीयतेचा करार केलेला असतो आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्यात गंभीर कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून कोष्टकांची नावे बदला, मूल्ये काढून टाका, आणि शक्य असेल तर तीच अडचण तुमच्या घरच्या दहा लाख ओळींच्या कोष्टकावर पुन्हा घडवून दाखवा. घडवता आली तर त्याहून उत्तम काही नाही : तो प्रश्न कोणालाही, कुठेही दाखवता येतो आणि कोणीही त्याचे उत्तर स्वतःच्या यंत्रावर तपासू शकतो. खूपदा असेही होते की अडचण पुन्हा घडवण्याच्या प्रयत्नातच तिचे कारण हाती लागते आणि बैठकीत तुम्ही प्रश्नाऐवजी उत्तर घेऊन जाता.

एडब्ल्यूआरचा विषय निघाला म्हणून आणखी एक बाब सांगते. तो ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीतच, आणि डायग्नोस्टिक्स पॅकचा परवाना घेतला असेल तरच वापरता येतो. तांत्रिकदृष्ट्या तो परवान्याशिवायही चालतो, आणि म्हणूनच फसगत होते. परवाना नसेल तर स्टॅट्सपॅक हे तशाच कामाचे, वेगळा परवाना न लागणारे साधन वापरा. बैठकीत कुणी एडब्ल्यूआर दाखवून काही शिकवले, म्हणून सोमवारी कार्यालयात जाऊन तीच कृती करण्यापूर्वी आपल्याकडे परवाना आहे का, हे विचारा. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून आलेले क्वेरी स्टोअर यांना अशी वेगळी किंमत मोजावी लागत नाही.

पाचवी पायरी : बैठकीच्या दिवशी

पुढच्या दोन रांगांत बसा. प्लॅनचे अक्षर बारीक असते आणि मागून ते दिसत नाही. व्याख्यान चालू असताना न कळलेला शब्द लगेच विचारण्यास हरकत नाही, पण स्वतःची अडचण मात्र प्रश्नोत्तरांसाठी किंवा चहाच्या वेळेसाठी राखून ठेवा. इंग्रजीतून विचारणे अवघड वाटत असेल तर मराठीतून विचारा. पुण्यातल्या खोलीत निम्म्यांना तरी ते कळते आणि कुणीतरी उरलेल्यांसाठी इंग्रजीत सांगते. परराज्यातून आलेले सहकारीही इथे मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे घोळक्यात बोलताना त्यांना समजेल अशी भाषा ठेवावी. ज्येष्ठांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणण्याची पद्धत आहे, तरी महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक जण नावावर येतात.

चहाच्या वेळी पहिल्या भेटीत नोकरीसाठी शब्द टाकू नये, असे मला वाटते. ज्याने तुमचे काम पाहिलेले नाही, तो तुमच्यासाठी शब्द टाकू शकत नाही. तुम्ही सहा महिने येऊन दोन चांगले प्रश्न आणि एक छोटे सादरीकरण केले, तर अनेकदा तो माणूस स्वतःहून विचारतो. ज्यांना आपल्याच कार्यालयातले वरिष्ठ भेटतील म्हणून संकोच वाटतो, त्यांनी वरिष्ठांना आधीच सांगून यावे. बहुतेकांना आनंदच होतो.

सहावी पायरी : परतल्यावर

त्याच रविवारी, ऐकलेल्यांपैकी एक गोष्ट घरच्या डेटाबेसवर करून पाहा. वक्त्याने सांगितलेला आकडा तुमच्याकडे येत नसेल तर का येत नाही, हे शोधा. आवृत्तीचा फरक, मेमरीचा फरक, माहितीच्या वाटणीचा फरक. उत्पादनाच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये त्या विषयाचे प्रकरण काढून वाचा. आणि ज्याने तुमच्या प्रश्नाला वेळ दिला त्याला आठवड्याभरात निकाल कळवा : उपाय लागू पडला की नाही, आणि लागू पडला नसेल तर काय झाले. हे फार थोडे लोक करतात, आणि उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने तीच एक गोष्ट मोलाची असते, कारण आपले निदान बरोबर होते का, हे त्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

सातवी पायरी : दहा मिनिटांचे सादरीकरण

चार-पाच बैठकांनंतर स्वतः उभे राहा. बहुतेक गट नवोदितांना दहा मिनिटे आनंदाने देतात, कारण वक्ते मिळवणे ही आयोजकांची कायमची चिंता असते. विषय निवडताना ‘परफॉर्मन्स ट्यूनिंग’ किंवा ‘बॅकअपची ओळख’ असे मोठे नाव घेऊ नका. एक घटना घ्या आणि तेवढीच सांगा.

एक नमुना देते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली किंवा पुसली की जुनी प्रत मृत ओळ म्हणून तिथेच राहते आणि ती साफ करण्याचे काम ऑटोव्हॅक्यूम करतो. मूळ सेटिंगनुसार, कोष्टकाच्या सुमारे वीस टक्के ओळी मृत झाल्यावर तो जागा होतो. दहा हजार ओळींच्या कोष्टकात हा आकडा दोन हजार असतो, ते ठीकच आहे. पण दहा कोटी ओळींच्या कोष्टकात दोन कोटी मृत ओळी साचेपर्यंत तो वाट पाहतो. या एका गुणाकारावर सुंदर सादरीकरण होते : पहिल्या दोन मिनिटांत मृत ओळ म्हणजे काय, पुढच्या चार मिनिटांत घरच्या कोष्टकावर ती साचताना दाखवणे, मग त्या कोष्टकापुरते सेटिंग खाली आणून फरक दाखवणे, आणि उरलेला वेळ प्रश्नांना. सातच्या आत स्लाइड ठेवा. क्वेरी आणि प्लॅनची अक्षरे मागच्या रांगेतून वाचता येतील एवढी मोठी करा, आणि प्लॅनच्या साठ ओळींपैकी ज्या पाच ओळींवर बोलायचे आहे तेवढ्याच दाखवा.

प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवणार असाल तर तो इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर डेटाबेसची पोर्ट अनेकदा बंद असतात. सर्व काही लॅपटॉपवर स्थानिक ठेवा, प्रयोगाच्या प्रत्येक टप्प्याचे चित्र आधीच काढून स्लाइडमध्ये घाला, आणि प्रोजेक्टरसाठी एचडीएमआयचा जोडपट्टा स्वतःचा न्या. घरच्यांसमोर किंवा मित्रांसमोर घड्याळ लावून दोनदा म्हणून पाहा. कार्यालयातल्या घटनेवर बोलत असाल तर व्यवस्थापकांची लेखी परवानगी घ्या आणि ग्राहकाचे नाव कुठेही येऊ देऊ नका.

प्रश्नोत्तरांत एखादे उत्तर येत नसेल तर “तपासून पुढच्या बैठकीत सांगते” असे म्हणा आणि पुढच्या बैठकीत खरोखर सांगा. सभागृहातले जाणकार लक्षात ठेवतात ते हेच. अशी तीन-चार सादरीकरणे झाली की मोठ्या परिषदांसाठी प्रस्ताव पाठवायला हरकत नाही. त्यांची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून तारखांवर लक्ष ठेवा.

आठवी पायरी : आयोजनात हात लावणे

वर्षभर आल्यानंतर आयोजकांना विचारा की काय करू. सुरुवातीला खुर्च्या, नावांची यादी, वेळ दाखवण्याचे फलक अशी कामे येतील; ती करा. नंतर तारीख ठरवण्याच्या चर्चेत बसाल, आणि तिथे डेटाबेसच्या धंद्याचे पंचांग माहीत असावे लागते. ओरॅकलचे तिमाही पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी येतात. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. त्यानंतरचे शनिवार-रविवार कित्येक डीबीए पॅच लावण्यात गुंतलेले असतात. मार्चचा शेवटचा पंधरवडा बँकांच्या कामामुळे वर्ज्य, दिवाळीचा आठवडा वर्ज्य. उरलेल्या शनिवारांतून महिन्याचा एक ठरावीक शनिवार धरला आणि तो बदलला नाही, तर लोकांना सवय लागते. प्रत्येक वेळी सर्वांच्या सोयीची तारीख शोधत बसलेले गट बंद पडताना मी पाहिले आहेत.

जागा देणाऱ्या कंपनीशी बोलताना तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या : किती माणसे, कोणत्या वेळेपर्यंत, आणि पुरस्कर्त्याला बोलायला किती मिनिटे. दहा मिनिटे पुरतात, आणि ती मधल्या सुटीनंतर लगेच द्यावीत. पैशांचा व्यवहार शक्य तितका टाळा. खाण्याचे बिल पुरस्कर्त्याने थेट भरावे. पैसे गोळा करावेच लागले तर हिशेब पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला वाचून दाखवावा. महिला सहकाऱ्यांची उपस्थिती वाढवायची असेल तर बैठक सायंकाळऐवजी सकाळी ठेवणे आणि दुपारी एकच्या आत संपवणे, या साध्या गोष्टीने माझ्या अनुभवात बाकी कोणत्याही आवाहनापेक्षा अधिक फरक पडला.

आणि पहिल्याच महिन्यापासून एक वही ठेवा. कोणत्या सभागृहासाठी कोणाशी बोलावे लागते, तिथला प्रोजेक्टर कोणत्या केबलवर चालतो, प्रवेशद्वारावर यादी किती वाजेपर्यंत द्यावी लागते, कोणत्या वक्त्याने कोणत्या विषयाचे वचन दिले आहे, मागच्या बैठकीतले कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, हे सगळे तीत लिहा. दोन वर्षांनी तुमची बदली होईल, किंवा घरी लहान मूल येईल, किंवा रात्रपाळी लागेल. तेव्हा ती वही पुढच्या माणसाच्या हाती द्यायची आहे, आणि तो माणूस कोण असावा हे पहिल्या रांगेत बसून पान भरून प्रश्न आणणाऱ्यांकडे पाहून आतापासूनच ठरवायला लागा.